टाचेतला थेंब

नवजात अर्भकाच्या टाचेला बारीकशी सुई टोचायची, आलेले रक्त एका जाड कागदावर छापलेल्या वर्तुळांत टिपायचे, कागद वाळवायचा आणि पाकिटात घालून टपालाने प्रयोगशाळेकडे धाडायचा. जगातल्या अनेक देशांत जन्मलेल्या बहुतेक प्रत्येक मुलाच्या आयुष्यातला हा पहिला सरकारी दस्तऐवज असतो. आडनाव लागण्याआधी, कधीकधी नाव ठेवण्याही आधी, त्याचे रक्त एका यंत्रातून जाऊन आलेले असते. शरीरातले अमुक एक विकर, म्हणजे ज्याला आपण सरसकट एन्झाइम म्हणतो ते, जागेवर आहे की नाही, एवढाच प्रश्न त्या यंत्राला विचारलेला असतो. हा प्रश्न माणसाच्या हातून यंत्राच्या हाती कसा गेला, याची हकीकत आम्हांला येथे मांडावयाची आहे. यंत्रांच्या इतिहासात सहसा यंत्रे आधी येतात आणि माणसे मागाहून. येथे क्रम उलटा आहे. आधी आई आली, मग जिवाणू, मग कागद आणि सर्वांत शेवटी यंत्र.

ती आई नॉर्वेतली. बोर्गनी एगेलँड तिचे नाव. मुलगी सहा-सात वर्षांची, मुलगा चारएक वर्षांचा. दोघेही जन्मतः धडधाकट दिसलेली आणि दोघेही पुढे मतिमंद झालेली. मुलांच्या अंगाला एक चमत्कारिक वास येतो, हे ती डॉक्टरांमागून डॉक्टरांना सांगत राहिली आणि कोणी ते मनावर घेतले नाही. १९३४ मध्ये ओस्लोच्या आस्ब्यर्न फोलिंग यांनी ते मनावर घेतले. फोलिंग वैद्य होते, पण त्याआधी रसायनशास्त्र शिकलेले होते. मुलांच्या लघवीत त्यांनी फेरिक क्लोराइड घातले. एरवी ते तपकिरी-लालसर व्हायचे, येथे ते गडद हिरवे झाले. दुसऱ्या कोणी ‘नमुना खराब असेल’ म्हणून ते मोरीत ओतले असते. फोलिंग यांनी त्या बाईकडून लिटरच्या लिटर लघवी मागवून तो हिरवा रंग आणणारा पदार्थ वेगळा केला. तो फिनाइलपायरुविक आम्ल निघाला. मग मतिमंदांच्या संस्थांतून ४३० जणांची तपासणी केली, त्यांत हाच दोष असलेले आणखी आठ सापडले. ‘फिनाइलकीटोन्युरिया’ हे नाव पुढे इंग्लंडात पडले. आम्ही त्याला रूढ संक्षेपाने पीकेयू म्हणू.

दोष यकृतातल्या एका विकरात आहे, हे अमेरिकेत जॉर्ज जर्व्हिस यांनी १९५३ पर्यंत दाखवून दिले. दूध, डाळी, मांस, अंडी या सर्वांतील प्रथिनांमध्ये फिनाइलअ‍ॅलनीन नावाचे अमिनो आम्ल असते. निरोगी यकृत त्याचे टायरोसीन करते. ते विकर नसले की फिनाइलअ‍ॅलनीन रक्तात साचत जाते आणि वाढत्या मेंदूला मारक ठरते. गर्भात असेतो आईचे यकृत मुलाचे काम करून देते; म्हणूनच अशी मुले जन्मतः अगदी छान दिसतात. विषबाधा सुरू होते ती पहिल्या दुधापासून. आईचे दूधच विष व्हावे, यासारखी क्रूर थट्टा निसर्गाने क्वचितच केली असेल.

वाङ्मयाच्या वाचकांना येथे एक नाव आठवेल. पर्ल बक यांची मुलगी कॅरल १९२० साली जन्मली. तिला हाच दोष होता, पण तो ओळखू येण्याचा मार्ग त्या वेळी जगात कोठेच नव्हता. बकबाईंनी १९५० साली ‘द चाइल्ड हू नेव्हर ग्रू’ हे छोटे पुस्तक लिहून मतिमंद मूल असल्याची उघड कबुली दिली, तेव्हाही मुलीला झाले काय, हे त्यांना ठाऊक नव्हते. नोबेल मिळाले, ग्रंथ झाले, आणि घरातल्या प्रश्नाचे उत्तर मात्र मुलगी प्रौढ झाल्यावर मिळाले. उत्तर होते, पण वेळ गेलेली होती.

वेळ हाच या सगळ्या कथेचा गाभा आहे. १९५३ मध्ये बर्मिंगहॅमला होर्स्ट बिकेल आणि त्यांचे सहकारी यांनी फिनाइलअ‍ॅलनीन काढून टाकलेल्या आहारावर एका मुलीला ठेवले. तेथेही निमित्त आईच होती. ‘माझ्या मुलीसाठी काहीतरी करा’ म्हणून ती बिकेल यांच्या दाराशी रोज येऊन बसे. मुलगी सुधारली, पण जे नुकसान झाले होते ते भरून आले नाही. याचा अर्थ स्पष्ट होता. आहार पहिल्या काही आठवड्यांत सुरू झाला तर मूल वाचते, म्हणजे सर्वसामान्य बुद्धीचे होते. वर्षाने सुरू झाला तर फार थोडे हाती लागते. आणि फोलिंग यांची हिरव्या रंगाची परीक्षा, जिच्यात पुढे १९५७ पासून अमेरिकेत बाळाच्या लंगोटावर फेरिक क्लोराइडचा थेंब टाकीत, ती लघवीत तो पदार्थ उतरेपर्यंत काहीच सांगत नसे. त्यात कित्येक आठवडे जात. उपाय सापडला होता. तो ज्याला हवा ते मूल वेळेत सापडत नव्हते. दर दहा हजारांत एक असलेले ते मूल शोधायचे तर दहा हजार मुलांचे रक्त तपासणे भाग होते, आणि त्या काळच्या पद्धतीने एका रक्तातले फिनाइलअ‍ॅलनीन मोजायला चांगला रसायनज्ञ नि बरेच रक्त लागे.

रॉबर्ट गथ्री यांनी हा तिढा सोडवला, आणि तो अशा रीतीने सोडवला की आजही आम्हांला त्याचे नवल वाटते. गथ्री जिवाणुशास्त्रज्ञ होते. बफेलो शहरात कर्करोगाच्या संस्थेत काम करीत. त्यांचा एक मुलगा मतिमंद होता, त्याचे कारण पीकेयू नव्हते. पण १९५८ मध्ये त्यांच्या एका भाचीला पीकेयू असल्याचे निदान झाले, आणि तेही सव्वा वर्षाच्या वयात, म्हणजे उशिराच. आहारावर असलेल्या मुलांच्या रक्तातले फिनाइलअ‍ॅलनीन सोप्या रीतीने मोजता येईल का, असे बफेलोतल्या एका डॉक्टरांनी त्यांना विचारले होते. कर्करोगाच्या औषधांचे रक्तातले प्रमाण जिवाणूंच्या वाढीवरून ठरविण्याची युक्ती गथ्री यांच्या हाती आधीच होती. तीच त्यांनी येथे उलटी केली.

युक्ती अशी. मातीत सर्वत्र आढळणारा बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू अगारच्या थरात मिसळायचा. त्याच थरात बीटा-२-थायनिलअ‍ॅलनीन नावाचा एक पदार्थ घालायचा. हा दिसायला फिनाइलअ‍ॅलनीनसारखा, पण खोटे नाणे. जिवाणू ते खोटे नाणे घेतो आणि त्याची वाढ खुंटते. आता रक्त वाळलेल्या कागदाच्या छोट्या गोल टिकल्या त्या थरावर मांडायच्या आणि रात्रभर ऊब द्यायची. ज्या टिकलीत फिनाइलअ‍ॅलनीन भरपूर, तिच्याभोवती खऱ्या नाण्यांचा सुकाळ होतो, जिवाणू तगतो आणि सकाळी टिकलीभोवती धुरकट वलय दिसते. वलय जेवढे मोठे, तेवढे फिनाइलअ‍ॅलनीन जास्त. मधल्या ओळीत ठाऊक प्रमाणाच्या टिकल्या ठेवलेल्या असतात. त्यांच्याशी डोळ्यांनी ताडून पाहायचे, बस. ना प्रकाशमापक, ना मोटार, ना विजेचा तारांचा जंजाळ.

यंत्र म्हटले की आपल्याला दातेरी चाके किंवा पडदे दिसतात. आमच्या मते या क्षेत्रातले पहिले स्वयंचलित यंत्र म्हणजे हा जिवाणूच होय. मोजमापाचे काम तो रात्री, माणसे झोपलेली असताना, शेकडो टिकल्यांवर एकाच वेळी करीत असे आणि त्याचे वेतन म्हणजे थोडेसे अगार. आणि दुसरा अर्धा शोध होता तो कागद. द्रवरूप रक्त बाटलीतून न्यायचे तर बर्फ हवा, माणूस हवा; कागदावर वाळलेला थेंब मात्र पोस्टाच्या पाकिटात मावतो. खेड्यातल्या इस्पितळातला थेंब राज्याच्या राजधानीत पोचू लागला, आणि त्यामुळेच एका जागी हजारो नमुने गोळा होऊ लागले. नमुने एका जागी आल्यावाचून यांत्रिकीकरणाला अर्थच नसतो. कागदातून एकाच वेळी अनेक टिकल्या पाडणारे यंत्र मागाहून आले ते यामुळेच. एका थेंबातून पीकेयूबरोबर इतर दोषांचीही परीक्षा होऊ लागली.

१९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने ही परीक्षा आपल्या प्रयोगशाळेत सुरू केली आणि १९६३ मध्ये ती कायद्याने सक्तीची केली. त्याच सुमारास २९ राज्यांत चार लाख अर्भकांवर मोठी चाचणी झाली. ३९ मुले सापडली. गथ्री आणि त्यांच्या सहकारी अ‍ॅडा सूझी यांचा पद्धतीवरचा लेख १९६३ साली छापून आला. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत निम्म्याहून अधिक राज्यांनी कायदे केले. मतिमंद मुलांच्या पालकांच्या संघटनांनी त्यासाठी आमदारांच्या दारी धरणे धरले म्हटले तरी चालेल.

याच काळातला एक प्रसंग वाचकांस मुद्दाम सांगितला पाहिजे. गथ्री यांनी पेटंट काढले आणि साहित्य मोठ्या प्रमाणावर तयार व्हावे म्हणून एका कंपनीला परवाना दिला गेला. गथ्री यांच्या प्रयोगशाळेत पाचशे चाचण्यांचे जे साहित्य सहा डॉलरांत तयार होत होते, त्याची किंमत कंपनीने २६२ डॉलर लावली. संशोधन सार्वजनिक पैशातून झालेले होते. गथ्री स्वतःच सरकारकडे तक्रार घेऊन गेले, प्रकरण १९६५ मध्ये सिनेटच्या समितीपुढे गाजले आणि कंपनीचा एकाधिकार गेला. तो न जाता, तर गरीब राज्यांनी ही चाळणी सुरू केली असती का, याची आम्हांला शंका आहे.

पण कायद्याची घाई सर्वांनाच मानवली असे नाही. सॅम्युअल बेसमन यांच्यासारख्या वैद्यांनी आक्षेप घेतला की, रक्तात फिनाइलअ‍ॅलनीन वाढलेले असणे आणि मूल मतिमंद होणे या दोन गोष्टी सर्वस्वी एक नाहीत. आक्षेप पोकळ नव्हता. काही मुलांत विकर थोडेफार काम करीत असते, रक्तातले प्रमाण मध्यम वाढते आणि मूल आहाराशिवायही नीट वाढते. अशा मुलांनाही सुरुवातीच्या वर्षांत कडक आहारावर ठेवले गेले. शिवाय फिनाइलअ‍ॅलनीन हे शरीराला आवश्यकच असल्याने, ते फार कमी केल्यावर काही मुलांचे नुकसान झाले. वलय किती मोठे दिसले म्हणजे आईवडिलांना फोन करायचा, ही रेघ जिवाणू ओढीत नाही. ती माणसाने ओढलेली असते. खाली ओढली तर शेकडो घरांत उगाच रडारड. वर ओढली तर एखादे मूल हातचे जाते. पुढे यंत्रे कितीही बदलली तरी ही रेघ त्यांच्या स्वाधीन करता आलेली नाही.

आता यंत्रांकडे वळू. तो भाग थोडक्यात आटोपतो. क्लीव्हलँडचे लेनर्ड स्केग्ज यांनी १९५० च्या दशकात रक्ततपासणीचे वाहते यंत्र बनविले आणि १९५७ मध्ये टेक्निकॉन कंपनीने ते ‘ऑटोअ‍ॅनलायझर’ म्हणून बाजारात आणले. बारीक नळीतून एकामागून एक नमुने वाहत जातात. मध्ये हवेचे बुडबुडे असतात, ते नमुन्यांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. वाटेत रसायने भेटतात, शेवटी प्रकाशमापक असतो आणि कागदावर पेनाने डोंगर-दऱ्यांचा आलेख उमटतो. बुडबुड्याला भिंत करणे ही कल्पना इतकी साधी की ती सुचायला एवढी वर्षे का लागली, असे वाटावे. १९६० च्या दशकात फिनाइलअ‍ॅलनीन प्रकाशमान करून मोजण्याची रीत या यंत्रावर बसविली गेली. मोठ्या प्रयोगशाळांना ते सोयीचे झाले. तरी गथ्री यांचा जिवाणू स्वस्त असल्याने दशकानुदशके टिकून राहिला.

एक गोष्ट मात्र येथवर दृष्टीआड राहिली आहे. गथ्री यांची परीक्षा विकर मोजीत नाही. विकर नसल्याने जे साचते, ते मोजते. चोर दिसत नाही, चोरीचा माल दिसतो. खुद्द विकराला कागदावर विचारण्याची सोपी रीत अर्नेस्ट ब्यूटलर यांनी काढली, आणि तिचा उगम मुलांच्या रुग्णालयात नव्हे, तुरुंगात आहे. हिवतापावरचे प्रायमाक्विन हे औषध अमेरिकेत इलिनॉयच्या स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांवर अजमावले जात होते. बंदिवानाची संमती ही कितपत संमती, हा प्रश्न त्या संशोधनावर कायमचा चिकटून राहिला आहे, आणि तो राहिला पाहिजे. काही कैद्यांच्या, मुख्यत्वे काळ्या कैद्यांच्या, तांबड्या पेशी या औषधाने फुटत. १९५६ मध्ये कार्सन, आल्व्हिंग आदींनी दाखविले की त्यांच्या पेशींत ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज, म्हणजे जी-६-पीडी, हे विकर कमी असते. ब्यूटलर यांनी १९६६ मध्ये चाचणी दिली ती अशी: रक्ताचा थेंब योग्य रसायनांत मिसळून फिल्टर पेपरवर टाकायचा आणि जंबुपार दिव्याखाली धरायचा. विकर असेल तर डाग चमकतो. नसेल तर काळाच राहतो.

हा दोष काही दूरच्या लोकांची गोष्ट नव्हे. मुंबईच्या पारशी समाजात तो बऱ्याच प्रमाणात असल्याचे बक्षी, बालकृष्णन, उंदेविया आणि संघवी यांनी १९६३ मध्येच, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याच्याच वर्षी, दाखवून दिले होते. जेथे जेथे हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडले, तेथे हे जनुक टिकून राहिले. कारण ते हिवतापापासून थोडे संरक्षण देते. सिंगापूरने १९६५ पासून नवजात मुलांच्या नाळेतल्या रक्तात जी-६-पीडी तपासायला सुरुवात केली. कारण तेथे या दोषाची मुले तीव्र काविळीने मेंदूला इजा होऊन दगावत किंवा अपंग होत. आपल्याकडे बंगळुरूत १९८० पासून सव्वा लाखाच्या आसपास अर्भकांच्या रक्तातली अमिनो आम्ले तपासली गेली. गोव्यात २००८ मध्ये सरकारी योजना निघाली. देशभर सक्तीची चाळणी आजही नाही. आणि अडचण केवळ यंत्राच्या किमतीची आहे, असे आम्हांला वाटत नाही. थेंब साधारणपणे दोन दिवसांच्या दुधानंतर घ्यावा लागतो. आपल्याकडे बाळंतीण त्याआधीच घरी जाते, मग माहेरी जाते, आणि अहवाल आला तरी तो घेऊन जायचे कोणत्या पत्त्यावर, हा प्रश्न उरतो. पत्ता सापडला तरी पीकेयूच्या मुलाला वर्षानुवर्षे लागणारे खास दूध कोण पुरवणार?

१९९० च्या दशकात खरी उलथापालथ झाली. ड्यूक विद्यापीठात डेव्हिड मिलिंग्टन आणि डोनाल्ड चेस यांनी दुहेरी मास स्पेक्ट्रोमीटर या कामाला जुंपला. हे यंत्र रेणूंचे वजन करते, त्यांचे तुकडे करते आणि तुकड्यांचेही वजन करते. वाळलेल्या रक्ताच्या एका टिकलीतून दोनएक मिनिटांत डझनावारी पदार्थांचा हिशेब मिळू लागला. फिनाइलअ‍ॅलनीनबरोबर टायरोसीनही मोजून दोहोंचे गुणोत्तर काढता आल्याने खोट्या धोक्याच्या घंटा कमी झाल्या. एक रोग एक चाचणी हा हिशेब संपला. २००६ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २९ रोगांची यादी सर्व राज्यांसाठी सुचविली. यंत्राला जे दिसते ते सगळे पाहावे काय, हा प्रश्न त्या यादीने मिटविला नाही, वाढविला.

त्याचे उत्तर किती अवघड आहे, हे क्राबे रोगाने दाखविले. त्यात गॅलॅक्टोसेरेब्रोसिडेज हे विकर नसते, आणि लवकर दिसणाऱ्या प्रकारात मूल दोन-तीन वर्षांत जाते. बफेलोतले प्रसिद्ध फुटबॉलपटू जिम केली यांचा मुलगा हंटर याच रोगाने २००५ मध्ये गेला. त्याच्या आईवडिलांच्या मोहिमेनंतर न्यूयॉर्क राज्याने २००६ मध्ये चाळणीत हा रोग घेतला. गाव पुन्हा बफेलोच, हा योगायोग. येथे खुद्द विकराचे काम वाळलेल्या थेंबात मोजायचे होते, आणि ते मोजता आले. पुढच्या आठ वर्षांत सुमारे २० लाख मुले तपासली. लवकर दिसणाऱ्या प्रकाराची पाच सापडली. चौघांवर रक्तपेशींचे प्रत्यारोपण झाले, त्यांतली दोन त्या उपचारानेच गेली आणि उरलेल्या दोघांची वाढ मागे राहिली. दुसऱ्या बाजूला, शेकडो कुटुंबांना ‘तुमच्या मुलात विकर कमी आहे, पण रोग होईल की नाही सांगता येत नाही’ एवढेच कळले. यंत्राने चूक केली नव्हती. रक्तातल्या दुसऱ्या एका पदार्थाची जोड देऊन चाचणी पुढे सुधारली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय यादीत हा रोग आला. तरी या पाच मुलांचा हिशेब मांडताना आमची लेखणी अडखळते.

मिसूरी राज्याने २०१३ पासून पॉम्पे, फॅब्री, गोशे आदी रोगांची विकरे आणखी निराळ्या यंत्रावर तपासायला घेतली. त्यात नळ्या नाहीत, पंप नाहीत. तळहाताएवढ्या पट्टीवर विजेच्या दाबाने सूक्ष्म थेंब इकडून तिकडे सरकवले जातात, एकमेकांत मिसळवले जातात आणि चमक मोजली जाते.

जी-६-पीडीची गोष्ट तेवढी सांगायची राहिली. ब्यूटलर यांचा डाग ‘चमकतो’ किंवा ‘चमकत नाही’ एवढेच बोलतो. विकर साधारणाच्या तीस टक्क्यांखाली गेले तरच तो नीटसा काळा पडतो. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोहोंपैकी एकच एक्स जागे असते, हे माणसात याच विकराच्या आधारे दाखविणारेही ब्यूटलर, १९६२ साली. अशा वाहक स्त्रीच्या रक्तात निम्म्या पेशी शाबूत आणि निम्म्या दुबळ्या, म्हणजे विकर पन्नास टक्क्यांच्या आसपास; डाग मात्र चमकतो. प्रायमाक्विनच्या चौदा दिवसांच्या रोजच्या गोळ्यांत त्रास दिसू लागला तर औषध थांबवता येई. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टॅफेनोक्विन एकाच मात्रेत घ्यायचे असते आणि ते शरीरात कित्येक आठवडे राहते. पोटात गेल्यावर परत घेता येत नाही. म्हणून ते देण्याआधी विकर सत्तर टक्क्यांहून अधिक असल्याची खात्री करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी आकडा सांगणारे, हातात मावणारे, बोटाच्या थेंबावर काही मिनिटांत चालणारे यंत्र निघाले आहे. ब्राझीलने २०२३ मध्ये हे औषध आणि हे यंत्र दोन्ही जोडीने आपल्या आरोग्यसेवेत घेण्याचे ठरविले. यंत्र आता प्रयोगशाळेत नाही. गोळी देणाऱ्या आरोग्यसेविकेच्या पिशवीत आहे, आणि आकडा वाचून गोळी द्यायची की नाही हे तिने तेथल्या तेथे ठरवायचे आहे.